पदवीदान समारंभ

विद्यापीठाने विहित केलेला अभ्यासक्रम पुरा करून परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना विधिपूर्वक पदवी देण्याचा विद्यापीठीय सोहळा. यास दीक्षांत समारंभ असेही म्हणतात. अमेरिकेत ‘कमेन्समेंट’, तर भारतात व राष्ट्रकुलातील काही देशांत ‘कॉन्व्होकेशन’ ही संज्ञा रूढ आहे. कॉन्व्होकेशन म्हणजे बोलावणे पाठवून भरविलेली सभा. पदवीदान ही मूलतः विद्यापीठ नावाच्या संघाची औपचारिक बैठक होय आणि नव्या व्यक्तींना त्या संघात रीतसर दाखल करून घेणे, हे तिच्यापुढील मुख्य काम असते. मराठीतील ‘पदवीदान’ या शब्दाने ही कल्पना काहीशी झाकली गेली आहे. कारण दान म्हटले की दाता आणि याचक ओघानेच आले. प्राचीन लॅटिन सूत्रात मात्र देण्याची भाषा नाही. उमेदवाराला अमुक पायरीवर मी दाखल करून घेतो, असे त्यात म्हटलेले असते आणि ‘डिग्री’ या शब्दाचा मूळ अर्थही पायरी असाच आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. या समारंभाच्या इतिहासातील बहुतेक मोठे वाद कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला दाराबाहेर ठेवावयाचे, या एका प्रश्नाभोवती झालेले आहेत.

भारतातील समारंभाचे मूळ पुष्कळदा समावर्तन संस्कारात दाखविले जाते. गुरुगृहीचे ब्रह्मचर्य संपल्यावर शिष्य विधिपूर्वक स्नान करी, मेखला, अजिन इ. चिन्हे टाकून नवी वस्त्रे धारण करी, गुरुदक्षिणा देई व गृहस्थाश्रमास पात्र होऊन घरी परते. या स्नानावरूनच ‘स्नातक’ हा शब्द आला. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लीत निरोपाच्या वेळी आचार्य शिष्याला करीत असलेला उपदेश आहे आणि आजही अनेक विद्यापीठांत तो समारंभप्रसंगी वाचला जातो. तथापि समावर्तन हा घरगुती संस्कार होता; त्यात संस्थेने घेतलेली परीक्षा नव्हती व संस्थेने दिलेले प्रमाणपत्रही नव्हते. ‘दीक्षांत’ हा शब्द तर यज्ञाच्या परिभाषेतील आहे. अमरकोशात त्याचा अर्थ यज्ञसमाप्तीचे अवभृथ असा दिला आहे. म्हणजे आजच्या समारंभाने नाव येथील परंपरेकडून घेतले असले, तरी त्याची घडण मध्ययुगीन यूरोपातील आहे.

बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड इ. ठिकाणी बाराव्या-तेराव्या शतकांत जी विद्यापीठे उदयास आली, ती स्वरूपाने कारागिरांच्या श्रेणींसारखी होती. शिकाऊ कारागीर जसा कसोटीस उतरल्यावर श्रेणीचा पूर्ण सदस्य होई, तसा विद्यार्थी ‘मास्टर’ किंवा ‘डॉक्टर’ होई. या दोन संज्ञा आरंभी जवळजवळ समानार्थीच होत्या. पदवी म्हणजे मुख्यतः शिकविण्याचा परवाना. तो देण्याचा अधिकार चर्चच्या अधिकाऱ्याकडे असे. बोलोन्यात आर्चडीकनच्या संमतीवाचून कोणास डॉक्टर करू नये, असा आदेश पोप तिसरा होनोरियस याने १२१९ मध्ये दिला. परवान्यानंतर नवा मास्टर सहकाऱ्यांसमोर पहिले व्याख्यान देई. त्याला ‘इन्सेप्शन’ म्हणजे आरंभ म्हणत आणि अमेरिकेतील ‘कमेन्समेंट’ या शब्दात हीच कल्पना उरली आहे. त्या वेळी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवीत, बोटात अंगठी घालीत, हाती ग्रंथ देत व ज्येष्ठ मास्टर त्याला आलिंगन देत. नंतरच्या मेजवानीचा भार नव्या सदस्यावरच असे. हा खर्च इतका वाढला, की व्हिएन येथील धर्मपरिषदेच्या (१३११–१२) नियमांत त्यावर ३,००० चांदीच्या नाण्यांची मर्यादा घालावी लागली. गरीब पण विद्वान विद्यार्थ्याला ही मर्यादा कितपत उपयोगी पडली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

या विधीतील बरेच अवशेष इंग्लंडमध्ये टिकून आहेत. ऑक्सफर्डचा समारंभ पूर्वी सेंट मेरी चर्चमध्ये होत असे. तेथे चालणारा गोंगाट व परवानगीने होणारी वात्रट भाषणे पूजास्थानी शोभत नाहीत, म्हणून क्रिस्टोफर रेन याच्या आराखड्यानुसार शेल्डोनियन थिएटर बांधण्यात आले (१६६९). समारंभात प्रॉक्टर हे अधिकारी सभागृहात येरझारा घालतात. एखाद्या उमेदवाराकडे पैसे येणे असलेल्या व्यापाऱ्याने त्या वेळी प्रॉक्टरचा झगा ओढून हरकत घ्यावी, असा या प्रथेचा परंपरागत अर्थ सांगितला जातो. केंब्रिजला उमेदवार आपल्या महाविद्यालयाच्या प्रतिनिधीचे एकेक बोट धरून पुढे जातात आणि नंतर प्रत्येक जण कुलगुरूंसमोर गुडघे टेकतो. एडिंबरोमध्ये पदवीधराच्या डोक्यास जी टोपी स्पर्शितात, ती धर्मसुधारक जॉन नॉक्स याच्या विजारीच्या कापडाची आहे, अशी आख्यायिका आहे. फिनलंडमध्ये डॉक्टरांना उंच टोपीबरोबर तलवार मिळते आणि आदल्या दिवशी तिला समारंभपूर्वक धार लावतात. अमेरिकेत हार्व्हर्डचा पहिला समारंभ १६४२ मध्ये नऊ पदवीधरांनिशी झाला. टोप्या हवेत उडविण्याची तेथील प्रथा मात्र अर्वाचीन असून तिचे मूळ १९१२ मधील नौदल अकादमीच्या समारंभात सांगितले जाते.

बाहेर ठेवण्याचा इतिहास या गमतीदार प्रथांइतका सुखद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच अँग्लिकन चर्चच्या ३९ सिद्धांतांवर सही करावी लागे. केंब्रिजला इतर पंथीयांना शिकता येई, पण पदवी घेता येत नसे. बी. ए. पुरती ही अट अनुक्रमे १८५४ व १८५६ मध्ये गेली आणि इतर बहुतेक पदव्यांपुरती १८७१ च्या कायद्याने. स्त्रियांना याहून अधिक काळ थांबावे लागले. केंब्रिजमध्ये त्या व्याख्यानांना बसत, परीक्षा देत व पुष्कळदा पुरुषांच्या पुढे जात. परंतु समारंभाच्या सभागृहात त्यांना स्थान नव्हते. १८९७ मध्ये त्यांना पदवी देण्याचा ठराव ६६२ विरुद्ध १,७१३ मतांनी फेटाळण्यात आला. त्या दिवशी विरोधक विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा सेनेट हाउससमोर टांगला होता. १९०४–०७ या काळात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सातशेवर स्त्रिया बोटीने आयर्लंडला गेल्या व डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना आपल्या पदव्या दिल्या. ‘स्टीमबोट लेडीज’ हे नाव त्यांना यावरूनच पडले. ऑक्सफर्डने १९२० मध्ये दार उघडले. केंब्रिजने १९२१ मध्ये स्त्रियांना पदवीचे केवळ नाव देऊ केले आणि पूर्ण पदवी १९४८ मध्ये दिली. परीक्षेत उत्तीर्ण होणे आणि पदवीधर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

भारतात १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. धर्माची अट नसलेले लंडन विद्यापीठ हा त्यांचा नमुना होता [→ विद्यापीठ]. कलकत्त्याचे पहिले दोन पदवीधर बंकिमचंद्र चट्टोपाध्याय व जदुनाथ बोस हे १८५८ मध्ये झाले. मुंबईत पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे बी. ए. झाले. इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत धर्माच्या अटी अंशतः लागू असताना येथे चार हिंदू तरुण त्याच प्रकारच्या विधीने दाखल झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांपैकी भांडारकर पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले (१८९३). आरंभी विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्या आराखड्याप्रमाणे पदवीदान सभागृह उभे राहिले (१८७४). स्कॉटने भारत कधी पाहिला नव्हता. त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात लोकरी झगे घातलेले स्नातक ज्या वास्तूत बसत, तिच्या गॉथिक कमानी व रंगीत काचांची गोल खिडकी एखाद्या फ्रेंच चर्चमध्ये शोभावी अशी आहे.

नियमपुस्तकात दार सर्वांना खुले असले, तरी त्या दारापर्यंत पोहोचणे ही निराळी बाब होती. पहिल्या चौघांनंतर सुमारे अर्धशतकाने भीमराव रामजी आंबेडकर मुंबईचे पदवीधर झाले. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते पुढे शिकले, त्याने १९५२ मध्ये त्यांना सन्मान्य एल्एल्. डी. दिली. स्त्रियांच्या बाबतीत भारतीय विद्यापीठे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पुढे होती. कादंबिनी बोस व चंद्रमुखी बसू यांना कलकत्त्याच्या १८८३ च्या समारंभात पदव्या मिळाल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. त्या पुढे ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ मध्ये तेथील बी. सी. एल. ही कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु मुंबईने जी मान्यता त्यांना विशीत दिली, ती ऑक्सफर्डकडून मिळण्यास १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, तेव्हा त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या.

समारंभाचा क्रम सर्वत्र सारखाच असतो. विद्यापीठाचा दंड घेतलेला अधिकारी अग्रभागी, त्यामागे अधिकार मंडळांचे सदस्य व शेवटी कुलगुरू आणि कुलपती अशी मिरवणूक सभागृहात येते. महाराष्ट्रातील राज्य विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. कुलपतींनी सभा सुरू झाल्याचे घोषित केल्यावर प्रत्येक विद्याशाखेचे अधिष्ठाते आपल्या उमेदवारांना सादर करतात व त्यांना पदवीस दाखल करून घ्यावे अशी विनंती करतात. उमेदवार उभे राहतात. कुलपती आपल्या अधिकाराचा उल्लेख करून सूत्र उच्चारतात आणि जीवनात व आचरणात या पदवीस पात्र राहा, असे सांगतात. पदके, पाहुण्यांचे अभिभाषण व सभाविसर्जन हे त्यानंतर येते. श्रोत्यांचे लक्ष बहुधा पदकांकडे व अभिभाषणाकडे असते. विधीच्या दृष्टीने मात्र ते एक वाक्यच काय ते महत्त्वाचे. जे हजर राहू शकत नाहीत, त्यांना अनुपस्थितीत पदवी देण्याची तरतूद असते.

कुलपतिपदी ब्रिटिश गव्हर्नर असल्यामुळे हे व्यासपीठ सत्तेचेही प्रतीक बनले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या समारंभात बीना दास या तरुणीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते बचावले व तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांनी त्याच विद्यापीठात रवींद्रनाथ टागोरांनी दीक्षांत भाषण बंगालीत केले. तोवर तेथे इंग्रजीचाच प्रघात होता. १९४० च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डने टागोरांना डी. लिट्. देण्यासाठी शांतिनिकेतनातच खास सभा भरविली. मॉरिस ग्वायर व राधाकृष्णन् हे तिचे प्रतिनिधी होते. गौरवाच्या लॅटिन भाषणाला टागोरांनी संस्कृतमधून उत्तर दिले. महाराष्ट्रात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने आपल्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे स्त्रीलिंगी संस्कृत नाव दिले व शिक्षण मातृभाषेतून ठेवले. त्या पदवीला सरकारची मान्यता मात्र स्वातंत्र्यापर्यंत नव्हती.

वेशाचा प्रश्न अलीकडचा असला, तरी याच जातीचा आहे. झगा, हूड व चौकोनी टोपी हा मध्ययुगीन पाद्र्यांच्या पोशाखाचा अवशेष. हूडच्या रंगावरून पदवी व विद्याशाखा ओळखता येते. भोपाळच्या एका संस्थेच्या समारंभात २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर सभेत झगा उतरवून त्यास वसाहतवादाचा अवशेष म्हटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे हातमागाच्या वस्त्रांची शिफारस केली. परंतु झगा काढल्यावर काय घालावयाचे, याचे उत्तर सोपे नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडीची योजना केली, तेव्हा फुले पगडीचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीस विरोध केला. परदेशी टोपी गेली, तरी कोणत्या टोपीखाली सर्वांनी यावे हा वाद राहिलाच.

पदवी देण्याचा अधिकार भारतात १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने नियंत्रित केला आहे. विद्यार्थी पात्र ठरणे अपेक्षित असलेल्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यावी, असे आयोगाच्या २००८ च्या विनियमांत म्हटले आहे. वर्षाकाठी हजारो, मोठ्या विद्यापीठांत लाखाच्या घरात पदवीधर होऊ लागल्यावर प्रत्येकास व्यासपीठावर बोलावणे अशक्य झाले. त्यामुळे अनेक विद्यापीठांत पीएच्. डी. धारक व पदकविजेते यांनाच प्रत्यक्ष पाचारण होते. इतरांची प्रमाणपत्रे महाविद्यालयांतून किंवा टपालाने जातात आणि संगणकीय प्रतीही मिळतात. कोविड-१९ च्या साथीत, २३ ऑगस्ट २०२० रोजी, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने संगणकनिर्मित आभासी सभागृहात समारंभ केला. तेथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रतिरूपाने संचालकांच्या प्रतिरूपाकडून पदवी स्वीकारली व घरोघरी कुटुंबीयांनी ते पडद्यावर पाहिले. सर्वांना एकाच घोषणेने पदवी देऊन काम भागले असते. तरीही प्रत्येकाला स्वतंत्रपणे, त्याच्या नावाने, पुढे बोलावण्याची तजवीज संस्थेने केली होती.