झोपलेला माणूस यंत्राला का दिसत नाही?

अमेरिकेतील अनेक हॉटेलांत खोली रिकामी झाली की वातानुकूलन आपोआप मंदावते. वीज वाचते, पण कधी कधी आपण गाढ झोपेत असतानाही ते मंदावते आणि खोली तापू लागते. असे का होते ते आपण पाहू.

आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सियस, म्हणजे ३०६ केल्विन असते. वीनच्या नियमानुसार २८९८ ला ३०६ ने भागले की तिच्या प्रखरतम प्रारणाची तरंगलांबी मिळते : सुमारे ९.५ मायक्रोमीटर. हे अवरक्त किरण संवेदकातील स्फटिकावर पडतात. मात्र स्फटिकाचे तापमान बदलत असेल तेव्हाच विद्युतसंकेत निर्माण होतो. म्हणजे यंत्राला ऊब कळत नाही, उबेतला बदल कळतो. निश्चल माणूस त्याच्या लेखी गादीसारखाच!

जागे असताना संवेदकासमोरून आडवे चालावे. सरळ त्याच्याकडे गेल्यास संकेत क्षीण मिळतो. झोपण्यापूर्वी मात्र ही सोय व्यवस्थापकाकडून बंद करून घेणेच बरे. खरा उपाय दाराशी आहे. दार बंद झाल्यावर एकदा जरी हालचाल टिपली गेली, तरी दार पुन्हा उघडेपर्यंत कोणीतरी आत आहेच. दारालाही संवेदक जोडला की यंत्राला हे कळते.

‘हालचाल दिसली नाही’ यावरून ‘माणूस नाही’ असे ठरवता येईल का? वर्गात जरूर विचारू या.