गोट्यांखालचा पाळणा

मार्च महिना. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीचं पाणी खाली उतरलेलं असतं आणि पात्रात गोट्यांची लांबच लांब बेटं उघडी पडलेली असतात. राखाडी दगड, वाळकी झुडपं, पुरात वाहून आलेला एखादा ओंडका. इतकी निर्जीव जागा दुसरी नसेल, असं वाटावं. ट्रक भरून इथले गोटे उचलले तर कुणाचं काय बिघडणार?

पण बेटाला खेटून वाहणाऱ्या उथळ पाण्यात हात घालून एकेक गोटा अलगद बाजूला करत गेलं, तर वीतभर खाली अंधारात हालचाल दिसेल. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, डोळे टपोरे आणि पोटाला नारिंगी थैली लटकलेली. ती थैली म्हणजे आईनं बांधून दिलेली शिदोरी. ती संपेपर्यंत ही पिल्लं दगडांच्या फटींतच राहतात. हा पिंक सॅल्मनचा पाळणा. आपल्याकडे हॉटेलांच्या यादीत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण रावसाचं या माशाशी काही नातं नाही.

कोकणातल्या माणसाला सॅल्मन समजावून सांगायला फार वेळ लागू नये. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याच्या, व्हाळाच्या उलट्या धारेत उड्या मारत वर चढणारे चढणीचे मासे त्यानं पाहिलेले असतात. सॅल्मनही चढणीचाच मासा, फक्त त्याची चढण थेट समुद्रातून सुरू होते. पिंक सॅल्मनचं आयुष्य अगदी मोजून दोन वर्षांचं. गोट्यांतून बाहेर पडायचं, समुद्रात जायचं, दीड वर्ष तिथे वाढायचं, परत यायचं, अंडी घालायची आणि मरायचं. फ्रेझरमध्ये ही परतीची वारी विषम वर्षीच येते. 2003, 2005, 2007 अशा शरद ऋतूंत नदी माशांनी भरून जाते, आणि मधल्या सम वर्षी पिंक सॅल्मन जवळजवळ नसतोच. म्हणजे गोट्यांखालचा पाळणा भरलेला असतो तो सम वर्षाच्या हिवाळ्यात आणि वसंतात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मादी अंडी कशी घालते, ते बघण्यासारखं असतं. ती कुशीवर वळते आणि शेपटी जोरजोरानं आपटते. शेपटी दगडाला लागतेच असं नाही. ती वर उचलली जाताना पाणी ओढलं जातं आणि त्या ओढीनं गोटे सुटतात. प्रवाह त्यांना हातभर खाली नेऊन टाकतो, मधली वाळू आणि माती धुऊन जाते. असं करत खळगा तयार होतो. त्यात अंडी पडतात, भिजलेल्या साबुदाण्याच्या टपोऱ्या दाण्याएवढी, रंगानं नारिंगी. नर शेजारी येऊन त्यांच्यावर रेत सोडतो. मग मादी थोडी वरच्या अंगाला सरकते आणि नवा खळगा खणते. त्यातून उडालेले गोटे आपोआप आधीच्या खळग्यावर येऊन बसतात. एकाच कामात पुढचा पाळणा खणून होतो आणि मागचा झाकून होतो. असे खळगे करत ती दीड-दोन हजार अंडी ठेवते.

आता या अंड्यांना हवा असतो श्वास. गोट्यांच्या फटींमधून थंड, प्राणवायू असलेलं पाणी अखंड झिरपत राहिलं पाहिजे. फटी बारीक गाळानं बुजल्या तर अंडी गुदमरतात. पाणी ओसरलं तर सुकतात. मासा गोटे निवडतो तो याच कारणानं: फार मोठे असले तर शेपटीनं हलत नाहीत, फार बारीक असले तर पाणी झिरपत नाही.

एवढे नेमक्या मापाचे गोटे इथेच का साठतात, याचं उत्तर नदीच्या उतारात आहे. फ्रेझर सुमारे 1375 किलोमीटर लांब. बरीच वाट ती डोंगरांतून, खोल घळींतून धावते आणि होप नावाच्या गावापाशी घळीतून सुटून सपाटीवर येते. उतार कमी होतो, पात्र रुंदावतं, पाण्याचा जोर मोडतो. डोक्यावरचं ओझं एकदम पेलवेनासं झालेल्या हमालासारखी नदी आधी मोठे दगड टाकते, मग मध्यम, मग लहान. पुढे मिशन गावाच्या आसपास पोहोचेपर्यंत गोटे संपतात आणि काही किलोमीटरांच्या आत तळ निव्वळ वाळूचा होतो. होप ते मिशन हा नदीचा गोट्यांचा टप्पा. तिथे तिचे फाटे फुटतात, पुन्हा मिळतात, मधे बेटं तयार होतात, मोडतात. जवळजवळ 30 जातींचे मासे या टप्प्यात राहतात. त्यांत पांढरा स्टर्जनही आहे, 6 मीटरपर्यंत वाढणारा आणि शंभरी ओलांडू शकणारा. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या ढाली असतात, आणि तोही अंडी घालायला इथलेच गोटे आणि बाजूचे फाटे शोधतो. नदीकाठच्या मूळच्या लोकांनी स्वतःला नाव घेतलं तेच ‘स्टो:लो’, म्हणजे नदी.

अशा बेटावर उभं राहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. वरचे गोटे कसेही पसरलेले नसतात. कौलारू घराच्या छपरासारखे ते एकमेकांवर रेललेले असतात, सगळ्यांचा उतार एकाच दिशेला. पुरानंच ते तसे रचलेले असतात. या वरच्या थराखाली बारीक खडी आणि वाळू असते. मोठ्या गोट्यांचं छप्पर तिला धरून ठेवतं आणि मध्यम पुरात तळ जागचा हलत नाही. एक्स्कॅव्हेटरच्या बकेटनं ते छप्पर एकदा खरवडलं की खालची बारीक खडी उघडी पडते आणि पुढच्या पाण्यात सुटते.

मग लोक गोटे काढा म्हणतात ते कशासाठी? पुरासाठी, आणि त्यांची भीती खरी आहे. फ्रेझरला पूर येतो तो बर्फ वितळल्यावर, मे-जूनमध्ये. 1894 चा पूर इथल्या नोंदींतला सर्वांत मोठा. 1948 साली होपपाशी नदी सेकंदाला सुमारे 15,200 घनमीटर, म्हणजे 5 लाख 36 हजार क्युसेकनं वाहिली. बांध फुटले, सुमारे 16 हजार माणसांना घरं सोडावी लागली. त्यानंतर बांध उंच आणि पक्के झाले. पण बांधांनी पाणी अडवलं तसे गोटेही आत कोंडले. पूर्वी नदी भरली की बाजूला सरकायची, नवा फाटा काढायची. आता ती सरकू शकत नाही, आणि गोटे तर दर वर्षी येतच राहतात. तळ वर आला तर बांधाची उंची आपोआप कमी पडणार, ही लोकांची काळजी.

किती गोटे येतात? अभ्यासकांनी नदीच्या तळाची जुनी आणि नवी मोजमापं शेजारी ठेवून हिशेब मांडला. उत्तर आलं वर्षाला साधारण 2 लाख घनमीटर किंवा थोडं जास्त. आपल्या भाषेत 70 हजार ब्रासच्या आसपास. आकडा प्रचंड वाटतो. आता तो पसरून बघू या. 50 किलोमीटर लांब आणि 1 किलोमीटर रुंद पात्र धरलं आणि हे सगळे गोटे त्यावर सारखे अंथरले, तर थर होतो 4 मिलिमीटरचा. वर्षाला 4 मिलिमीटर. नदी सारखं अंथरत नाही हे खरं. कुठे तळ हातभर वर येतो, तर कुठे खरवडून खाली जातो. पण प्रश्नाचा आवाका त्यातून कळतो.

या गोट्यांत माणसाचाही वाटा आहे. आपल्याकडे 1857 चा उठाव झाला त्याच्या पुढच्या वर्षी, 1858 मध्ये, फ्रेझरच्या काठी सोनं सापडल्याची बातमी फुटली आणि हजारो माणसं तिथे धावली. त्यांनी काठचे उंचवटे पाण्याच्या झोतानं धुऊन काढले. सोनं ठेवून घेतलं, दगडमाती नदीत सोडली. पुढच्या 50 वर्षांत अशी कोट्यवधी घनमीटर दगडमाती नदीकाठी उकरली गेली. वाळू आणि माती केव्हाच समुद्राला मिळाली. गोटे मात्र सावकाश चालतात, एका पुरात थोडे, पुढच्या पुरात आणखी थोडे. त्या सोनेवाल्यांचे काही गोटे आजही वाटेत असणार.

2004 साली सरकारी खात्यांमध्ये करार झाला: पहिली दोन वर्षं 5 लाख घनमीटरपर्यंत आणि नंतर 4 लाख 20 हजारांपर्यंत गोटे दर वर्षी काढता येतील. वर्षाला येतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. बांधकामाला खडी लागतेच, त्यामुळे काढणाऱ्यांची वाण नव्हती.

आणि मार्च 2006 उजाडला. सम वर्ष.

चिलिवॅकजवळच्या बिग बार नावाच्या बेटावर परवानगीनं काम चालू होतं. बेटापर्यंत ट्रक जायचे तर मधला फाटा ओलांडायला हवा, म्हणून फाट्यात भराव टाकून रस्ता केला. रस्त्यानं पाणी अडलं आणि खालच्या अंगाचा फाटा ओसरला. त्या फाट्याच्या तळाशी, गोट्यांच्या खाली, 2005 च्या शरदात आलेल्या माशांची पिल्लं होती. शिदोरी संपत आलेली, बाहेर पडायला काही आठवडे उरलेले. पाणी गेलं आणि ती जागच्या जागी मेली. अंदाज 20 लाखांच्या आसपासचा आहे. मला इथे सर्वांत जास्त लागून राहतं ते हे, की या पिल्लांना बकेटनं मारलं नाही. त्यांच्यावरचा एक दगडही कुणी उचलला नव्हता. तिथपर्यंत जायच्या रस्त्यानं त्यांचा श्वास बंद केला.

बरं, एवढं करून पूर खाली येतो का? शेतातल्या पाटाचा विचार करा. वाहत्या पाटात मधेच एक खड्डा खणला, तर खड्डा भरतो, पण पाटातल्या पाण्याची पातळी जवळजवळ तीच राहते. ती ठरते पुढे पाट किती रुंद आहे आणि उतार किती आहे, यावर. मोठ्या नदीतल्या एखाद्या बेटावरून लाख-दोन लाख घनमीटर काढले तरी महापुराच्या पातळीतला फरक सेंटीमीटरांत मोजण्याइतकाच असतो, आणि पुढच्या एक-दोन पुरांत नदी तो खड्डा भरून टाकते. शिवाय खड्ड्याची वरच्या अंगाची कड ढासळत ढासळत नदीच्या उलट्या दिशेनं सरकते. खालच्या अंगाला गोट्यांविना गेलेलं पाणी रिकाम्या हातानं जात नाही, ते काठ कुरतडतं. पुलाचे पाय उघडे पडतात ते अशा वेळी.

तरीही गोटे कधीच काढू नयेत, असं मी म्हणणार नाही. डोंगरातून उतरलेली लहान नदी वस्तीच्या मधोमध, दोन बांधांच्या चिंचोळ्या पट्ट्यात गोटे टाकत असेल तर तिथे काढलेल्या गोट्यांनी पाण्याची पातळी खरोखर उतरते. फ्रेझरला मिळणारी वेडर नदी तशी आहे. तिथे जी पद्धत बसवली आहे, ती मला आवडते. आधी तळ मोजायचा, मग ठरवायचं. काम करायचं ते सम वर्षाच्या उन्हाळ्याच्या शेवटी. तेव्हा आधीची पिल्लं समुद्रात गेलेली असतात आणि पिंक सॅल्मनची नवी वारी पुढच्या वर्षी यायची असते. माशाचं पंचांग पाहून काढलेला मुहूर्त म्हणा. आणि जिथे शक्य आहे तिथे बांध काठापासून मागे हटवायचे, म्हणजे नदीला पसरायला जागा मिळते. माझ्या मते पुरावरचा सर्वांत टिकाऊ उपाय हाच. तो महाग असतो आणि जमीन मागतो, म्हणून मागे पडतो.

हे वाचताना चिपळूण आठवल्याशिवाय राहत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठीतली बेटं आणि गाळ काढायचं मोठं काम झालं. ज्यांच्या घरात माळ्यापर्यंत पाणी गेलं, त्यांनी नदी मोकळी करा म्हणणं अगदी रास्त होतं. आपल्या नद्यांत सॅल्मन नाही. पण महासीर आहे, आणि त्याचीही अंडी वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या गोट्यांच्या आधारानंच वाढतात. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे देवीचे मासे म्हणून महासीर पिढ्यान् पिढ्या राखले गेले. कोंडीत कुणी गळ टाकत नाही. पण मोठे मासे कोंडीत सुरक्षित असले तरी त्यांच्या अंड्यांना नदीचे गोटेच लागतात.

तुमच्या नदीतून गोटे-वाळू काढायचं काम निघालं, तर किती ब्रास आणि केवढ्याचं कंत्राट हे विचाराच. पण त्याच्याही आधी दोन गोष्टी विचारा. काम कोणत्या महिन्यात आहे? आणि डंपर पात्रात उतरायचा रस्ता कुठून जाणार आहे?