कडक म्हणजे मजबूत नव्हे: क्रोम-मोली स्टीलच्या वेल्डचा हार्डनेस का मोजतात?

तुमच्या फोनवर ‘९एच’ लिहिलेला टेम्पर्ड ग्लास असेलच. खिशात फोनसोबत किल्ली ठेवली तरी त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. पण तोच फोन कोपऱ्यावर पडला की काच तडकते. म्हणजे काच कडक आहे, पण चिवट नाही. हाच फरक आज एका वेगळ्या ठिकाणी बघू. तुमचा फोन चार्ज करणारी वीज जिथे तयार होते, त्या औष्णिक वीज केंद्रातल्या वाफेच्या पाइपांमध्ये.

क्रोम-मोली स्टील कशासाठी?

साध्या स्टीलचा पाइप ५००-६०० अंश सेल्सिअसला दाबाखाली ठेवला, तर तो वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो आणि शेवटी फुटतो. याला क्रीप म्हणतात. ते टाळायला स्टीलमध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळतात. पी २२ या ग्रेडमध्ये साधारण सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असतं. पी ९१ मध्ये क्रोमियम ९ टक्के, मॉलिब्डेनम १ टक्का आणि जोडीला थोडं व्हॅनेडियम आणि नायोबियम.

मग अडचण कुठे येते?

जो गुण पाइपला टिकवतो, तोच वेल्डिंगच्या वेळी त्रास देतो. क्रोमियम-मॉलिब्डेनममुळे तापलेलं स्टील थंड होताना सहज ‘मार्टेन्साइट’ बनतं. ही रचना खूप कडक आणि ठिसूळ असते. पी ९१ तर नुसतं हवेत थंड झालं तरी मार्टेन्साइट बनतं, पाण्यात बुडवायची गरजच नाही.

हे किती सहज होईल याचा अंदाज ‘कार्बन इक्विव्हॅलंट’वरून येतो. गणित सोपं आहे. कार्बनचे टक्के, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५. (निकेल आणि तांबं इथे सोडून देऊ.) साध्या स्टीलमध्ये कार्बन ०.२० आणि मँगनीज ०.८० धरलं तर उत्तर येतं ०.३३. पी २२ मध्ये कार्बन ०.१२, मँगनीज ०.४५, क्रोमियम २.२५ आणि मॉलिब्डेनम १ धरलं तर ०.८४ च्या पुढे! ०.४५ च्या वर गेलं की वेल्डर सावध होतात.

वेल्डच्या अगदी शेजारी काही मिलिमीटरची एक पट्टी असते. ती वितळत नाही, पण भरपूर तापते. तिला हीट अफेक्टेड झोन म्हणतात, साइटवर नुसतं ‘हॅझ’. दमट रॉडमधून हायड्रोजन आत शिरला आणि ही पट्टी कडक राहिली, तर काम संपल्यावर कित्येक तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही तडा जातो. म्हणून रॉड ओव्हनमध्ये सुकवतात आणि पी ९१ चा जॉइंट वेल्डिंगआधी साधारण २०० अंशांपर्यंत तापवतात.

आकडे काय सांगतात?

पी ९१ चा ताजा वेल्ड ४०० एचव्हीच्याही वर जाऊ शकतो. एचव्ही म्हणजे विकर्स हार्डनेस. हिऱ्याचं टोक ठरावीक वजनाने धातूत दाबायचं आणि उमटलेल्या खुणेचा कर्ण मोजायचा. १० किलो वजनाला ४०० एचव्ही असेल तर कर्ण साधारण ०.२२ मिलिमीटर, २०० असेल तर ०.३०. खूण लहान, तर धातू कडक.

हा कडकपणा उतरवायला वेल्ड आधी १०० अंशांच्या आसपास येऊ देतात, म्हणजे मार्टेन्साइट पूर्ण बनतं. मग पुन्हा ७५० अंशांच्या आसपास काही तास धरून ठेवतात. याला पीडब्ल्यूएचटी म्हणतात. त्यानंतर आकडा साधारण २०० ते २८० मध्ये यायला हवा.

एक्स-रे पास, तरी जॉइंट नापास

एका साइटवर मी इन्स्पेक्शनला होतो, तेव्हाची गोष्ट. आडव्या पाइपचा जॉइंट. एक्स-रे पास. पीडब्ल्यूएचटीचा चार्टही सरळ, ७५० अंशांवर दोन तास. वरच्या बाजूला वेल्डचा आकडा २३० आला. मी पाइपखाली आडवा झालो आणि खालून मोजलं, तर ३४०! सुपरवायझर म्हणाले, “साहेब, एक्स-रे पास आहे ना, मग कशाला अडवता?”

कारण साधं निघालं. थर्मोकपल फक्त वर लावलं होतं. गरम हवा वर जाते, त्यामुळे खालची बाजू थंड राहिली, आणि चार्टने फक्त वरचं तापमान दाखवलं. एक्स-रेमध्ये पोकळ्या आणि मोठे तडे दिसतात, हार्डनेस दिसत नाही. त्या पाइपखालून रोज माणसं ये-जा करणार होती. खालीही थर्मोकपल लावून पीडब्ल्यूएचटी पुन्हा केलं, तेव्हा आकडा २४० वर आला.

मग जितका मऊ तितका चांगला?

अजिबात नाही! जास्त तापवलं तर पी ९१ ची क्रीप सोसायची ताकद जाते, आणि ती पुन्हा पीडब्ल्यूएचटी करून परत येत नाही. बऱ्याचदा तो तुकडा कापूनच काढावा लागतो. शिवाय हॅझच्या बाहेरच्या कडेला एक मऊ पट्टी राहतेच. कित्येक वर्षांनी तिथेच तडे पडू शकतात. त्यांना ‘टाइप ४’ तडे म्हणतात.

आणखी एक गोष्ट. साइटवर वापरतात त्या ‘लीब’ मीटरचं टोक ३ मिलिमीटरचं असतं, हॅझची पट्टीही जवळपास तेवढीच. त्यामुळे हॅझचा खरा आकडा लॅबमध्ये नमुना कापून, विकर्सनेच घेतात. साइटवर पृष्ठभाग नीट घासला नाही, तर लीबचा आकडाही चुकतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी “एकदम कडक आहे, काही होत नाही” म्हणालं, तर एवढंच विचारा: आकडा किती, आणि मोजला कुठे?