१०४ संध्याकाळींचा धंदा

वर्षात शनिवार ५२ आणि रविवार ५२. पार्टी प्लॅनरकडे विकायला असतो तो खरा माल एवढाच, १०४ संध्याकाळी. मंगळवारी वर्षाच्या होणाऱ्या पोराचा केकसुद्धा पुढच्या शनिवारी कापला जातो, कारण आईबाबांना आणि पाहुण्यांना सवड तेव्हाच असते. न विकला गेलेला फुगा पुढच्या आठवड्यात कामी येतो, पण रिकामा गेलेला शनिवार पुन्हा कुणाला विकता येत नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात हा धंदा घरातून सुरू करणाऱ्या बायका आणि तरुण पोरं पुढे ज्या अडचणींत सापडतात, त्यातल्या बऱ्याच या १०४ च्या आकड्यातून निघतात.

सुरुवात बहुतेकींची सारखीच. आपल्याच लेकराचा पहिला वाढदिवस, त्यासाठी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतून घासाघीस करून आणलेलं सामान, आणि जेवणाच्या रांगेत कुणीतरी सहज विचारलेलं, ‘‘वहिनी, आमच्या पिल्लूचंही करून द्याल का?’’ पहिली चार-पाच कामं ओळखीतली. त्यांचे पैसे म्हणजे सामानाचा खर्च अधिक थोडंसं काहीतरी. त्यात रिक्षाभाडं धरलेलं नसतं, रात्री साडेअकराला कमान उतरवायला थांबलेल्या नवऱ्याचे तास तर नाहीच नाही. मग अनोळखी फोन यायला लागतात. ‘‘ताई, इन्स्टावर बघितलं ना, अगदी तस्संच पाहिजे. बजेट पाच हजार.’’ फोटोतल्या सजावटीला पंचवीस हजार लागलेत, हे न दुखावता समजावून सांगणं हे या धंद्यातलं पहिलं कौशल्य. फुग्यांची कमान त्यानंतर शिकली तरी चालते.

तिलाही कमी लेखू नये म्हणा. ११-१२ इंची लॅटेक्सच्या फुग्यात भरलेला हेलियम साधारण अर्धा दिवस टिकतो. चकचकीत फॉइलचा फुगा काही दिवस तग धरतो. म्हणजे संध्याकाळी सातच्या पार्टीचे हवेत तरंगणारे फुगे आदल्या रात्री भरून ठेवता येत नाहीत, आणि हॉल तर दुपारचं कार्य आटोपल्यावर चारला हातात येतो. भारत आपल्या गरजेचा हेलियम जवळपास सगळा आयात करतो. परदेशातल्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पांतून निघणारा हा वायू, त्यामुळे त्याच्या सिलिंडरचा भाव कोथरूडच्या वाढदिवसावर ठरत नाही. म्हणूनच फोटोत दिसणाऱ्या बहुतेक कमानी तरंगत नसतात. पंपाने साधी हवा भरलेले फुगे लोखंडी स्टँडवर बांधलेले किंवा तंगूसने छताला टांगलेले असतात. स्वस्तातला हायड्रोजन हा तिसरा मार्ग आहे, आणि तो घेऊच नये. हायड्रोजन पेट घेतो, आणि ज्या टेबलावर मेणबत्त्या लागणार त्याच टेबलामागे हे फुगे असतात.

आगीची भीती वाढवून सांगितलेली नाही. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. तिथे त्या रात्री एक वाढदिवस साजरा होत होता. गच्चीवरच्या छपराला वापरलेल्या पटकन पेटणाऱ्या सामानाने आग झपाट्याने पसरली. पार्टीची सजावट म्हणजे कापड, कागद, फुगे, फोम आणि विजेच्या माळा एकाच भिंतीवर. ठिणग्या उडवणारा ‘कोल्ड पायरो’ बंद हॉलमध्ये लावायला ठाम नकार देणारी प्लॅनर एखादं काम गमावते. गमावू दे.

सजावटीच्या सामानाचा हिशेब सरकारी अधिसूचनांनीही बदलला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. मग केंद्राची एकल-वापर प्लास्टिकबंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. तिची यादी वाचली तर वाढदिवसाच्या खरेदीची चिठ्ठीच वाटते: फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकचे काटे-चमचे, पेले आणि ताटल्या, निमंत्रणपत्रिकेवरचं पातळ वेष्टन, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. थर्माकोलमध्ये कोरलेलं बाळाचं नाव एका रात्रीत वापरून फेकलं जायचं आणि त्याचे पैसे त्याच बिलात वसूल व्हायचे. आता त्याच्या जागी लोखंडी रिंग, लाकडी कटआउट, धुता येणारे कापडी पडदे आले. ते महाग, पण पुन्हा पुन्हा वापरता येणारे. पर्यावरणाचं जे व्हायचं ते होवो, प्लॅनरपुढे मात्र एक नवा प्रश्न उभा राहिला: हे सामान विकत घ्यायचं की भाड्याने आणायचं?

विकत घेतलं की दर कामामागे भाडं वाचतं. पण ते ठेवायचं कुठे? बेडरूममधल्या पलंगाखालून ते बाल्कनीत येतं, बाल्कनीतून सोसायटीच्या जिन्यात, आणि सेक्रेटरींची चिठ्ठी आली की गाळा भाड्याने घ्यावा लागतो. शिवाय १०४ चा आकडा इथेही आडवा येतो. स्टँडचा एकच संच असेल तर शनिवारी एकच काम घेता येतं. चार संच घेतले तर चार कामं, पण सोमवार ते शुक्रवार चारही संच गाळ्यात पडून. भाड्याने आणायचं म्हटलं, तर ऐन तारखेला सगळ्यांनाच तेच सामान हवं असतं आणि डेकोरेटर आपल्या जुन्या गिऱ्हाइकाला आधी देतो. बरेच जुने मंडपवाले या कोड्यातून एका साध्या उपायाने सुटलेत. रोज लागणारं स्वतःचं, क्वचित लागणारं दुसऱ्याचं. नव्या प्लॅनर नेमकं उलटं करतात. एकदाच मागितला गेलेला जलपरीचा सेट हौसेने बनवून घेतात आणि पांढरे पडदे मात्र दर वेळी भाड्याने आणतात.

आता पैशांकडे. समजा, एका कामाचं बिल सरासरी २५,००० रुपये आणि वर्षात कामं ८०. म्हणजे १०४ पैकी बऱ्याच संध्याकाळी भरलेल्या. एकूण उलाढाल २० लाख. सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादाही नेमकी २० लाखांचीच आहे. एक्क्याऐंशीवं काम घेतलं की नोंदणी आली, आणि अशा आयोजनावर कर १८ टक्के. कालपर्यंत २५,००० ला होणारा वाढदिवस आज २९,५०० ला. गिऱ्हाईक म्हणजे एक कुटुंब; त्याला या कराची वजावट कुठेच मिळत नाही, त्याच्या दृष्टीने ताईंनी भाव वाढवला. म्हणून मार्च जवळ आला की ‘‘थोडं रोखीत करू या का’’ अशी कुजबुज सुरू होते. पण रोखीतली कामं बँकेला दिसत नाहीत, आणि गाळा, टेम्पो घ्यायला कर्ज मागायची वेळ येते तेव्हा कागदावरचा धंदा अर्धाच भरतो.

त्यात आणखी एक गफलत होते. केटरर, फोटोग्राफर, जादूगार सगळ्यांचे पैसे प्लॅनर स्वतःच्या बिलात घेते. गिऱ्हाइकाला एकच फोन, एकच बिल, सोय मोठी. पण मग ८०,००० चं जेवणही तिच्याच उलाढालीत मोजलं जातं आणि २० लाखांची रेषा पाच-सहा महिन्यांत ओलांडली जाते, हाती त्यातला किरकोळ हिस्सा राहत असला तरी. केटररने यजमानाला थेट बिल द्यावं आणि प्लॅनरने फक्त आपल्या सेवेचं, ही मांडणी पहिल्या वर्षीच सनदी लेखापालाला विचारून केलेली बरी. लहान सेवादारांसाठी कंपोझिशनची वाटही आहे: ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर ६ टक्के. मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि राज्याबाहेर सेवा देता येत नाही. सावंतवाडीतल्या प्लॅनरला पेडण्यातल्या रिसॉर्टवरचा साखरपुडा घ्यायचा असेल, तर तिथेच अडतं.

गंमत अशी की, ज्या करामुळे घरगुती गिऱ्हाईक बिचकतं, तोच कंपन्यांना फारसा टोचत नाही. हिंजवडीतल्या कंपनीला भरलेल्या जीएसटीची वजावट बहुधा मिळते, उलट जीएसटी क्रमांक नसलेल्या प्लॅनरला ती दारातच उभी करत नाही. आणि कंपनीचा दिवाळी कार्यक्रम, महिला दिन, नव्या मजल्याचं उद्‌घाटन हे सगळं असतं कामाच्या दिवशी. १०४ च्या बाहेरच्या संध्याकाळी विकल्या जायला लागतात त्या इथून. तोटा एकच, पैसे उशिरा येतात. गिऱ्हाईक आई कार्यक्रमाच्या रात्री यूपीआय करते. कंपनीचं बिल तीन टेबलांवरून फिरतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लहान सेवादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यायचं बंधन २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग कायद्यात आहेच, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात धरता येत नाही. नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते. तरीही कित्येक जणींनी ती केलेली नसते, कारण हा ‘उद्योग’ आहे हेच त्यांना पटलेलं नसतं.

मधल्या वारांना काम देणारा दुसरा आधार आपल्याच घरातला आहे. डोहाळेजेवण सातव्या महिन्यात, बहुतेकदा दुपारी. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, त्यामुळे तेवढे दिवस हलव्याचे दागिने आणि काळ्या कापडाचे पडदे गाडीतून उतरतच नाहीत. बारसं खरं बाराव्या दिवशी, पण हल्ली तेही सवडीच्या रविवारी ढकललं जातं. एक्क्याऐंशीव्या वर्षातल्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन मात्र तिथी पाहूनच होतं. तिथे फुगे कोणी मागत नाही, झेंडूची तोरणं आणि समया लागतात. ज्यांना पाळण्याची सजावट, ओटीचं ताट, पाटाभोवतीची रांगोळी नीट येते, त्यांच्याकडे आठवड्यातल्या कुठल्याही वाराचं काम येतं. नुसतं ‘थीम’ करणाऱ्यांकडे ते येत नाही.

पंचांग देतं तसं काढूनही घेतं. पितृपक्षात साखरपुडे थंडावतात, चातुर्मासात लग्नं कमी. तिथे मुहूर्त काढून देणारे आहेत, पण गर्दी तुळशीच्या लग्नानंतरच. अधिकमासाचं गणित तर वरचेवर विसरलं जातं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तो चातुर्मासातच आल्याने लग्नसराईला त्याचा धक्का लागला नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सुट्टीच्या हंगामावर. अशा वर्षी मेमधल्या उत्पन्नाच्या भरवशावर जानेवारीत माल भरलेला असेल, तर हप्ते भारी पडतात.

नियमांचा भाग थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. गच्चीवरच्या पार्टीचा केक म्हणून साडेनऊच्या आत कापावा. गाण्यांच्या हक्कांचा मामला जास्त गुंतागुंतीचा. कॉपीराइट कायद्यात लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सवलत आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये त्याची आठवण देणारी सूचनाही काढली. गोवा सरकारने त्याच विषयावर काढलेलं परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. वाढदिवसाला अशी सवलत कायद्यात नावाने दिलेली नाही, त्यामुळे हॉटेलचा बँक्वेट हॉल संगीताचा परवाना मागू शकतो. तो कोण काढणार, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असावं. तसंच बाहेरच्या डेकोरेटरला आत घेण्यासाठी हॉलवाले जी ‘रॉयल्टी’ आकारतात तिचंही. ही रक्कम आयत्या वेळी कळली की ती प्लॅनरच्या कमाईतून जाते.

कोटेशन, अटी, अ‍ॅडव्हान्स हे शब्द घरगुती प्लॅनरच्या बोलण्यात रुळले ते करोनानंतर. एप्रिल २०२१ मध्ये राज्याच्या आदेशाने लग्नाला २५ माणसं, एकच हॉल आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली. मोडणाऱ्याला ५०,००० रुपये दंड. ज्यांनी फुलवाल्याला, लायटिंगवाल्याला आधीच पैसे दिले होते आणि गिऱ्हाइकाशी सगळं तोंडी ठरलं होतं, त्यांना दोन्हीकडून बसलं. आज निम्मी रक्कम आधी आणि तारीख बदलली तर काय, याची ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पाठवली जाते. ‘‘विश्वास नाही का ताई?’’ असं अजून ऐकावं लागतं.

एवढं सगळं जमलं तरी एक अडचण उरते. एकाच शनिवारी तीन कामं आली, आणि तिन्ही घरांना ताई स्वतः हव्यात. गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असतात ते शेवटच्या अर्ध्या तासात कुणीतरी शांतपणे उभं असण्याचे. केक उशिरा आला, नावातला ‘ई’ ऱ्हस्व पडला, आत्याबाई रुसल्या, यांतलं काहीही यजमानापर्यंत पोचू न देण्याचे. हे दुसऱ्यावर सोपवायचं तर आधी ते कागदावर उतरावं लागतं: कोणता स्टँड कोणत्या पेटीत, हॉलच्या वॉचमनचा नंबर, कुठल्या मिनिटाला कोणाला फोन. ज्यांनी हे केलं त्यांची दुसरी टीम उभी राहिली. ज्यांनी नाही केलं, त्या शनिवारी तीन हॉलमधून स्कूटीवर धावतात आणि तिन्हीकडे उशिरा पोचतात.

दुसऱ्या टीमसाठी शिकवून तयार केलेली मुलगी दीड-दोन वर्षांत स्वतःचं सुरू करते, हेही या धंद्यात गृहीतच आहे. त्यावरून अबोला धरणाऱ्या आहेत. हिशेबी आहेत त्या तिलाच आपली ओसंडलेली कामं देतात, ठरलेल्या कमिशनवर. आणि गर्दीच्या शनिवारी तिच्याकडून स्टँडचे दोन संच भाड्याने आणतात.