जनुकाची तारीख कशी झाली?

माणसाच्या पेशींत सेप्टिन नावाची प्रथिनं असतात. ती ज्यांच्यामुळे तयार होतात त्या जनुकांना 'सेप्ट१', 'सेप्ट२' अशी आटोपशीर नावं होती. संशोधक एक्सेलमध्ये 'सेप्ट२' टाइप करत, एंटर दाबत आणि त्या जागी दोन सप्टेंबर उमटे. बदल नुसता दिसण्यातला नव्हता. एक्सेल तारीख साठवतं ती १९०० सालच्या १ जानेवारीपासून मोजलेल्या क्रमांकाच्या रूपात. हे नाव २०२४ मध्ये भरलं असेल, तर रकाना पुन्हा साधा मजकूर केल्यावर ४५५३७ हा आकडा दिसतो. जनुकाचा मागमूसही उरत नाही.

२०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी'मध्ये या घोळाची पाहणी प्रसिद्ध झाली. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने नावांचेच नियम बदलले. 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१' झालं, 'मार्च१'चं 'मार्चएफ१'. सॉफ्टवेअरच्या अंदाजापुढे विज्ञानाला आपली नावं बदलावी लागली, ही गोष्ट मला अजूनही खटकते.

संगणकाच्या हाती येते ती अक्षरांची नुसती ओळ, म्हणजे स्ट्रिंग. ती तारीख आहे, संख्या आहे की जनुक, हे ओळखून तिला योग्य साच्यात बसवण्याला पार्सिंग म्हणतात. साचा कोण ठरवतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सी भाषेतल्या 'स्कॅनएफ'ला आपण सांगू शकतो की तीन पूर्णांक येतील आणि त्यांच्यामध्ये तिरक्या रेघा असतील. मग ३१ फेब्रुवारी दिली तरी ते बिनतक्रार वाचतं आणि तीन आकडे मिळाल्याचं कळवतं. त्याच्या लेखी ते खरंच आहे. तारीख ही कल्पना त्याच्यापाशी नाहीच. तपासणी प्रोग्रॅमरने आठवणीने करायची.

रस्ट भाषेने इथे फार चांगली सोय केली आहे. समजा, आपण 'पिनकोड' नावाचा स्वतःचा टाइप, म्हणजे साचा, बनवला. त्याला 'फ्रॉमस्ट्र' हा ठरलेला करार लागू केला, की साध्या संख्येसाठी वापरतो तीच 'पार्स' आज्ञा पिनकोडलाही चालते. आतले नियम आपले: अंक सहाच हवेत, पहिला शून्य नको. उत्तर दोनपैकी एका रूपात येतं. एक तर तपासलेला पिनकोड, नाही तर चूक. आणि त्या चुकीचा टाइपही आपणच ठरवायचा. पाचच अंक आले की मध्ये अक्षर घुसलं, हे वेगवेगळं सांगता येतं. 'चूक झाली तर काय' हे ठरवल्याशिवाय आतली किंमत हाती लागत नाही, आणि मधल्या मध्ये अंदाज करायला कोणी नसतं.

मराठी फॉर्म बनवणाऱ्यांनी तर हे जरूर करावं. पायथॉनचं 'इंट' देवनागरी '४२' संख्या म्हणून स्वीकारतं; रस्टचा तयार पूर्णांक तेच अवैध अंक म्हणून नाकारतो. म्हणजे पुण्यातल्या कुणी ४११००२ देवनागरीत लिहिलं, तर ते चालणार की नाही हे भाषेगणिक बदलतं. आपल्या 'पिनकोड'मध्ये मात्र देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक चालतील, असं आपणच लिहून ठेवू शकतो. त्याला फार तर चार-पाच ओळी जास्त लागतात.