मशीनमुळे गळा सैल पडतो?

"अगं, रोज रात्री हवा मारून मारून ह्यांचा गळा सैल तर नाही ना पडायचा?" अंबाजोगाईहून मैत्रिणीचा फोन. तिच्या नवऱ्याला स्लीप अ‍ॅप्निया निघाला. तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ते नाकावर सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपतात. घोरणं थांबलं, दिवसाची पेंगही गेली. पण शेजारीण म्हणाली, "सवय लागली की गळा आपलं काम विसरतो." झालं! मशीन कपाटात गेलं, घोरणं परत आलं आणि हिचा डोळ्याला डोळा नाही.

मैत्रिणींनो, ही शंका अनेक घरांत असते. झोपेत आपल्या सगळ्यांचेच गळ्याचे स्नायू ढिले पडतात. ज्यांची श्वासाची वाट मुळात अरुंद, त्यांची ती मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो आणि मेंदू दचकून जागा होतो. तासाला ३० किंवा जास्त वेळा असं झालं, तर आजार तीव्र समजतात. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये यावर उपाय मांडला, तोच हा सीपॅप. हवेच्या दाबाने वाट उघडी धरायची, बस्स.

प्लास्टरमधला हात बारीक होतो, मग गळ्याचं तसं होणार नाही? नाही. गळ्याचे स्नायू दिवसभर बोलताना, गिळताना राबतच असतात. बदल होतो तो उलट चांगला. घोरण्याच्या थरथरीने पडजीभ, टाळू सुजलेले असतात. काही आठवडे नियमित मशीन लावल्यावर ही सूज उतरून वाट थोडी रुंद झाल्याचं एमआरआयच्या अभ्यासात दिसलं आहे.

म्हणून आजार मुळापासून गेला, असं मात्र समजू नका. जबड्याची ठेवण, मानेवरची चरबी तिथेच असते. मशीन बंद केलं की काही दिवसांत श्वास पुन्हा अडखळतो. त्यालाच आपण 'सवय लागली' म्हणतो! चष्मा काढल्यावर अक्षर पुसट दिसतं, तो काय चष्म्याचा दोष? वजन बरंच उतरलं असेल, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासणी करावी; पण मशीन परस्पर बंद करू नये.

घसा कोरडा पडणं, नाक चोंदणं हे त्रास खरे आहेत. हवा ओलसर करणारी टाकी जोडली, मास्क नीट बसवून घेतला की ते बरेच कमी होतात. टाकीत बोअरचं क्षाराचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. मास्क रोज धुवा.

हा आजार थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २०२२ मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं. आणि घोरतात ते फक्त पुरुषच असंही नाही. पाळी गेल्यावर बायकांमध्येही हा आजार वाढतो. आपण लाजेपोटी बोलत नाही, एवढंच. सकाळी डोकं दुखत असेल, दिवसभर पेंग येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय रुग्णालयातही हा विभाग आहे.

मैत्रिणीला म्हटलं, "आज रात्रीच मशीन बाहेर काढ." दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "बाई, दोघंही झोपलो!"