भूलतज्ज्ञाची नळी आणि गल्ल्यावरची सुपारी

चोपड्यातील एखाद्या कुटुंबात पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली की चौकशी होते ती सर्जनची. भूलतज्ज्ञाचे नाव सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक संपूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो, आणि नळी बसेपर्यंतची मिनिटे सर्वस्वी भूलतज्ज्ञाच्या हाती असतात.

जीभ बाजूला सारून स्वरतंतू पाहायचे व त्यांच्यामधून श्वासनलिकेत नळी सरकवायची, हे ते काम. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये मांडलेले वक्र पात्याचे लॅरिंजोस्कोप त्यासाठी आजही वापरात आहे. व्हिडिओ लॅरिंजोस्कोपच्या पात्याला कॅमेरा असल्याने नजर वळणापलीकडे पोहोचते. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेने २२२ अभ्यास पडताळून, अशा उपकरणांमुळे नळी न बसण्याचे प्रसंग कमी होतात, असा निष्कर्ष काढला. पडद्यावर दिसले म्हणजे नळी गेलीच असे मात्र नव्हे. तिथे सरावच लागतो. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये घडवलेला लॅरिंजियल मास्क स्वरयंत्राच्या मुखावर बसतो. छोट्या शस्त्रक्रियेस तो सोयीचा. पण पोटातील अन्न वर आल्यास फुप्फुसांचे रक्षण नळीइतके करत नाही.

या तिन्हींना तोंड पुरेसे उघडावे लागते, आणि खानदेशातील अडचण नेमकी तिथे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुपारीवर नाही. दिवसभर गल्ल्यावर बसून चघळलेल्या सुपारीने गालांची आतली त्वचा हळूहळू ताठर होते आणि जबडा आखडतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ हे समाधान इथे फोल आहे. अशा रुग्णास बहुधा जागेपणीच, नाक-घसा बधिर करून, नाकातून लवचीक फायबरऑप्टिक दुर्बिणीच्या आधारे नळी घालावी लागते. ही दुर्बीण व ती हाताळणारा हात प्रत्येक तालुक्यात नसतो. अडचण आधी कळली तर रुग्णाला जळगाव किंवा मुंबईला नेता येते. टेबलावर कळली तर वेळ उरत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. शीला मयात्रा व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या अखिल भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार नळीचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक करू नयेत.

दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, हे घरीच पाहता येते. सैल दात, कवळी, घोरणे, पूर्वीच्या भुलेतील त्रास हेही तपासणीच्या वेळी सांगावे. सुनेसमोर सुपारीची सवय सांगण्याचा संकोच वाटत असेल, तर भूलतज्ज्ञाशी एकांतात बोलता येते.